मोतीबिंदूची लेन्स: मोनोफोकल घ्यावी की ट्रायफोकल?

मोतीबिंदू काढला की त्याजागी डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवतात. माझ्या डाव्या डोळ्यात ट्रायफोकल, म्हणजे लांब, मधलं आणि जवळ अशा तीन अंतरांची लेन्स आहे आणि उजव्यात मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची. हे आधीपासून ठरलेलं नव्हतं. डावा डोळा आधी झाला, त्याचा अनुभव दोन-अडीच महिने घेतला आणि उजव्याच्या वेळी मत बदललं. त्यामुळे एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा, एवढ्यावर माझी तुलना होते. ती मोजमाप नाही, पण रोजची आहे.

ट्रायफोकलचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी चाळिशीशिवाय वाचली. किती वर्षांनी! मोबाइल, कॉम्प्युटर, रस्त्यावरची पाटी, सगळं एकाच डोळ्याला जमू लागलं. चष्म्याचा मनापासून कंटाळा असेल तर या लेन्सला ऐकीव गोष्टींवरून नकार देऊ नका. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, हे डॉक्टर आधीच सांगतात. मलाही दिसली. सुरुवातीला त्रास झाला, पण मेंदू सरावत गेला आणि आता मुद्दाम पाहिलं तरच जाणवतात. काहींची ती जात नाहीत, त्यामुळे ज्यांना रात्री बरीच गाडी चालवावी लागते त्यांनी हा मुद्दा हलका धरू नये.

मला मात्र अडलं ते जिन्यात. दिवस मावळलेला असतो, दिवे अजून लागलेले नसतात, अशा वेळी डाव्या डोळ्याला पायरीची कड खालच्या पायरीत मिसळलेली दिसते. धूसर नाही, नुसती मिसळलेली. काळ्या कापडावर काळा दोरा शोधतानाही तसंच. तपासणीत हाच डोळा ६/६ येतो, कारण तक्त्यावर पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं असतात आणि जिन्यात राखाडीवर राखाडी असतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: लेन्सवरची सूक्ष्म वर्तुळं आत येणारा प्रकाश तीन अंतरांना वाटून देतात आणि त्यातला थोडा वायाही जातो. भर उजेडात ही वाटणी कळत नाही, कमी उजेडात कळते. म्हणूनच काचबिंदू असेल, मधुमेहाने पडदा खराब झाला असेल किंवा पडद्याचा मधला भाग झिजत असेल, तर बहुतेक डॉक्टर ट्रायफोकल टाळायला सांगतात. माझा पडदा चांगला आहे, तरी मला हे जाणवतं. कदाचित सगळ्यांना एवढं जाणवत नसेल.

उजव्या डोळ्यात मोनोफोकल घेतली, लांबच्या अंतराची. त्याच जिन्यात, त्याच वेळी, पायरीची कड खडूने आखल्यासारखी दिसते. या डोळ्याला वाचायला चाळिशी लागते, हे उघड आहे.

ईडॉफ (फोकस थोडा लांबवलेली) लेन्स या दोन्हींच्या मधली. लांबचं आणि कॉम्प्युटरचं अंतर चांगलं मिळतं, कड्यांचा त्रास साधारणपणे कमी, बारीक अक्षरांना चाळिशी बहुधा लागते. टॉरिक हा मात्र वेगळा पर्याय समजू नका. सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईमुळे येणारा, नंबर बऱ्यापैकी असेल तर तो घालवण्याची ती सोय आहे आणि मोनोफोकलमध्येही मिळते. गरज असेल तर ती जरूर घ्या.

आज दोन्ही डोळ्यांचा निर्णय पुन्हा घ्यायचा असता, तर मी बहुधा दोन्हीकडे मोनोफोकल घेतली असती: वरचढ डोळा (नेम धरताना आपण आपोआप वापरतो तो) लांबसाठी आणि दुसऱ्यात उणे सव्वाच्या आसपास नंबर मुद्दाम ठेवलेला. मोबाइल, ताट, किमतीची चिठ्ठी एवढं त्यात बरंचसं भागतं, प्रकाश वाटला जात नाही. हा फरक आपल्याला झेपेल का, हे मोतीबिंदू फार दाट नसेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहता येतं. तसं डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि तुमचा नंबर आयुष्यभर उणे असेल, वाचताना चष्मा काढून ठेवायची सवय असेल, तर तेही लेन्सचा नंबर ठरण्याआधी सांगा. दोन्ही डोळे लांबसाठी झाले की ती सोय जाते, आणि नंतर फार चुटपुट लागते.

माझा कल मोनोफोकलकडे झुकण्याचं आणखी एक कारण आहे. कमी पडलं तर चाळिशी नंतर कधीही लावता येते. आत बसलेली लेन्स काढणं मात्र मोठं काम असतं, आणि लेन्सच्या मागचा पापुद्रा गढूळ झाल्यावर त्याला भोक पाडणारा याग लेसर करून घेतला असेल तर आणखीच अवघड. डावी लेन्स बदलायची का, असं डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. दोन्ही डोळे उघडे असले की जिना उजवा सांभाळतो, आणि बाटलीवरची अक्षरं अजूनही डावाच वाचतो.