वडिलांच्या शोधात पाचव्या मितीतून: ‘अ रिंकल इन टाइम’

मॅडलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ ही इंग्रजी कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. घणसोलीतील आमच्या सोसायटीत पाचवी ते सातवीच्या मुलांना संध्याकाळी ती वाचून दाखवली, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही तिची पकड सुटलेली नाही, हे प्रत्ययास आले.

मेग मरी ही गणितात हुशार, पण हट्टी आणि तापट मुलगी आहे. सरकारी कामगिरीवर गेलेले तिचे भौतिकशास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत आणि गावात त्यावरून नाही नाही ते बोलले जाते. आई मात्र प्रयोगशाळेतल्या बन्सन बर्नरवरच रात्रीचे जेवण शिजवत आपले संशोधन चालू ठेवते. मेग, तिचा पाच वर्षांचा विलक्षण भाऊ चार्ल्स वॉलेस आणि मित्र कॅल्विन तीन गूढ स्त्रियांच्या साहाय्याने वडिलांच्या शोधात परग्रहांवर जातात.

अवकाशाला जणू घडी घालून पाचव्या मितीतून क्षणात दूर पोहोचण्याची, या प्रवासामागची कल्पना लेखिकेने ज्या सोपेपणाने उलगडली आहे, त्याला तोड नाही. त्या स्त्रियांपैकी एक आपल्या झग्याचा काठ दोन्ही हातांत ताणून धरते. एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जायला किड्याला बरेच चालावे लागेल, पण दोन्ही हात जवळ आणले की तो तत्काळ पलीकडे पोहोचेल. हे ऐकताच एका मुलीने आपली ओढणी ताणून धरली आणि मधला भाग खाली सोडत दोन्ही टोके जुळवली; वेगळे समजावून सांगण्याची गरजच उरली नाही.

वडील जिथे कैदेत आहेत त्या कॅमाझॉट्झ ग्रहावर सारखी घरे आहेत आणि दारोदारी मुले एकाच ठेक्यात चेंडू आपटतात किंवा दोरीवरच्या उड्या मारतात. चेंडू आपटणाऱ्या एका मुलाचा ठेका चुकतो आणि त्याची आई घाबरून धावत बाहेर येते. सिडकोच्या एकसारख्या रो-हाउसांच्या गल्ल्या रोज पाहणारी आमची मुले या प्रसंगाला एकदम गप्प झाली, कारण भीती घरांची नसून चुकण्याला बंदी असण्याची आहे, हे त्यांना न सांगता कळले होते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते वडिलांचे चित्रण. ते सापडतात, पण त्यांच्याने सगळे निस्तरत नाही, मेग त्यांच्यावर मनापासून चिडते आणि लेखिका तिच्या रागाला कुठेही चूक ठरवत नाही. तिचा हट्टीपणाच पुढे तिच्या कामी येतो. बापलेकीचे नाते इतक्या प्रामाणिकपणे मांडणारी मुलांची पुस्तके फार थोडी आहेत.

उणिवाही आहेत. एक पात्र सतत लॅटिन, स्पॅनिश अशा भाषांतली वचने उद्धृत करते आणि तिथे वाचनाचा वेग मंदावतो. कथेतल्या अंधाराशी, म्हणजे विश्वातल्या दुष्ट शक्तीशी, लढणाऱ्यांच्या यादीत गांधी आणि बुद्ध आहेत, तरी ख्रिस्ती संदर्भ ठळकपणे जाणवतात, आणि शेवट फारच घाईत उरकला आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही कादंबरी अवश्य द्यावी; मराठी माध्यमातील मुलांसोबत मात्र पहिली काही प्रकरणे पालकांनी स्वतः मोठ्याने वाचावीत.