चारित्र्य पडताळणीची ऑनलाइन सेवा: नोंद निरंक नसेल तर अर्ज शेवटी भरा

खडकीचा दारूगोळा कारखाना असो की पाषाणची संरक्षण प्रयोगशाळा, जुन्या प्रकरणावरून गेट पास अडकला की माणूस आधी महाराष्ट्र पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या पोर्टलकडे धावतो. ज्याची नोंद निरंक, त्याच्यासाठी सेवा सोयीची आहे. फोटो, सही, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि कंपनीचं पत्र चढवायचं, फी भरायची, ठाण्यातून बोलावणं आलं की मूळ कागद घेऊन जायचं. बाकीच्यांना मात्र हे पोर्टल काही धुऊन देत नाही. दप्तरात जे आहे तेच प्रमाणपत्रावर उमटतं.

आयुक्तालय निवडतानाच पहिली गफलत होते. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे. खडकीत राहणाऱ्याने पुणे शहर निवडायचं, देहूरोडवाल्याने पिंपरी-चिंचवड, भोरवाल्याने पुणे ग्रामीण. नोकरी कुठे आहे ते नव्हे, राहता कुठे ते बघायचं.

खरी मेख ‘केस मिटली’ या शब्दांत आहे. समोरच्याशी समझोता झाला म्हणून गुन्ह्याची नोंद आपोआप बंद होत नाही. पोलिसांनी बी किंवा सी समरी, म्हणजे गुन्हा खोटा किंवा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवली तरी दंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर करेपर्यंत प्रकरण उभंच राहतं. त्या आदेशाची किंवा निकालाची प्रमाणित प्रत संबंधित कोर्टातून, पुण्यातली बरीच प्रकरणं असतात त्या शिवाजीनगरातून, नक्कल अर्ज देऊन काढा. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळाची प्रिंट केस नंबर शोधायला बरी, प्रमाणित प्रतीची जागा ती घेत नाही. ही प्रत हातात आल्यावरच पोर्टल उघडा.

कर्जाबद्दल हे प्रमाणपत्र अवाक्षर काढत नाही, आणि अनेकजण इथेच गाफील राहतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला १७ वा नियम नेहमीच्या कर्जबाजारीपणाबद्दलच आहे. तुमच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात ३०० ते ९०० मधला आकडा बघून थांबू नका, प्रत्येक खात्यापुढचा शेरा वाचा. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने कमी रकमेवर समाधान मानलं. ते ‘क्लोज्ड’ नव्हे. उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवून बँकेशी लेखी बोलणी करा आणि नो ड्यूज पत्रावर खाते क्रमांक अहवालातलाच आहे ना, हे अंक-अंक जुळवून बघा. पैसे भरूनही शेरा चुकीचा राहिला तर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरताना वकिलाचा ‘निर्दोष आहात, नाही लिहा’ हा सल्ला घेऊ नका. रकाना फक्त शिक्षेचा नसतो. अटक झाली होती का, खटला चालला का, हेही तिथे विचारलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं असं म्हटलं. खरं सांगितलं तरी नेमणूक देणाऱ्याचा निर्णयाचा अधिकार राहतो, पण त्याने प्रकरणाचं स्वरूप तोलायचं असतं. म्हणून ‘होय’ लिहा, गुन्हा क्रमांक, ठाणं, निकालाची तारीख द्या आणि प्रत जोडा.

‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक पैसाही देऊ नका. तो फार तर पोर्टलवरचा हाच अर्ज तुमच्या नावाने भरतो, आणि घाईत ‘नाही’वर टिक करतो.