रॉझवेल रडचा 'द अनहर्ड हर्बी निकोल्स': आठ महिने ऐकल्यावर

पहिल्या दिवशी मला वाटलं, सीडी खराब निघाली. परदेशातून जुनीच मागवली होती, डबीचं झाकण तडकून आलेलं, त्यामुळे संशय होताच. लावली तर ट्रॉम्बोन (नळी सरकवून वाजवायचा पितळी भोंगा) शेजारच्या फ्लॅटमध्ये वाजतोय असं वाटावं इतका आवाज लहान. एरवी माझ्या ॲम्प्लिफायरचं बटण घड्याळात नऊ वाजतात तिथे असतं, हिच्यासाठी थेट एकवर न्यावं लागलं. नंतर कळलं की सीआयएमपी या कंपनीचं ध्वनिमुद्रण असंच असतं. सगळ्यांनी एका खोलीत बसून वाजवायचं, ते थेट डाव्या-उजव्या अशा दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मागाहून आवाज दाबून-फुगवून एकसारखा करायचा नाही. त्यामुळे हळू वाजलेलं खरोखरच हळू ऐकू येतं आणि जोराचं एकदम अंगावर येतं. पंखा चालू ठेवून हा अल्बम ऐकता येत नाही. मी तो एप्रिलमध्ये घेतला, तेव्हा पुढचं समजून घ्या.

रड हा अमेरिकेतल्या कनेटिकटचा ट्रॉम्बोनवादक, जन्म 1935चा. येल विद्यापीठात असताना डिक्सीलँड, म्हणजे जुन्या धाटणीचं नाचरं जॅझ, वाजवायचा, पुढे साठच्या दशकात सॅक्सोफोनवादक आर्ची शेपबरोबर फ्री जॅझमध्ये, म्हणजे ठरलेली चौकट सोडून वाजवायच्या जॅझमध्ये, नावाजला. या दोन टोकांच्या मधे, 1960 ते 62 या काळात, तो हर्बी निकोल्स नावाच्या पियानोवादकाकडे शिकला, त्याच्याबरोबर वाजवत राहिला. निकोल्सचं 1955-56 मध्ये ब्लू नोट या नावाजलेल्या जॅझ कंपनीसाठी ध्वनिमुद्रण झालं होतं, तेही ड्रमवर आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच यांच्यासारखे दिग्गज घेऊन. तरी त्याला विचारलं कोणी नाही. गायिका बिली हॉलिडेच्या 'लेडी सिंग्ज द ब्लूज'ची चाल त्याची, शब्द तिचे. लोकांना ती तेवढी आठवते. पोटासाठी तो बारमध्ये डिक्सीलँड वाजवत राहिला आणि 1963 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. वय 44.

त्यानंतर 33 वर्षांनी, 1996 मध्ये, रडने हे काम केलं. गुरूला मानवंदना म्हणून जे अल्बम येतात त्यांत बहुधा गुरूच्या गाजलेल्या रचनाच परत वाजवलेल्या असतात. इथे निकोल्सला स्वतःला जे ध्वनिमुद्रित करायची संधीच मिळाली नाही, ते आहे. आपल्याकडे उस्तादाने चीजा दडपून ठेवल्याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. इथे गुरूने शिकवलं, पण ऐकायलाच कोणी नव्हतं. आणि शिष्याचं तरी कुठे बरं चाललं होतं? ऐंशीच्या दशकात रड न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या डोंगरांतल्या एका हॉटेलात, करमणुकीच्या कार्यक्रमांच्या बँडमध्ये वाजवत होता.

आता माझी तक्रार. पियानोवाल्याची आठवण, आणि अल्बममध्ये पियानो नाही! खालचे सूर धरणारा बासही नाही. ट्रॉम्बोन, ग्रेग मिलरची गिटार आणि जॉन बेकन ज्युनिअरचे ड्रम. बेकन मधेमधे व्हायब्राफोनवर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायच्या वाद्यावर, जातो. पहिले दोन महिने मला हे फार खटकलं. रचना चालताहेत, पण पायाखाली जमीन नाही, असं वाटायचं. गिटार काही ठिकाणी बारीक पडते, हे माझं मत आजही तेच आहे.

जुलैत निकोल्सची ब्लू नोटवाली ध्वनिमुद्रणं काढली आणि आलटून पालटून ऐकायला लागलो. तिथे फरक पडला. निकोल्सच्या रचनेत ड्रम मागे ठेका धरून बसत नाही, चालीतलं अर्धं वाक्य ड्रमच बोलतो. पियानो एवढंसं म्हणून गप्प होतो, उरलेलं ब्लेकी म्हणतो. हे कानात बसल्यावर रडच्या अल्बममधल्या मोकळ्या जागा रिकाम्या वाटेनात. शिवाय पियानोला मींड नाही. ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकते, दोन सुरांमधली सगळी वाट तिला चालून जाता येते. निकोल्सच्या चाली मुळातच तिरक्या उड्या मारणाऱ्या. पियानोवर ती उडी दिसते, रड मात्र त्याच उडीवरून घसरत, कण्हत, मधेच फिस्सकन हसत जातो. ट्रॉम्बोनच्या तोंडावर हे लोक रबरी टोपण उघडझाक करतात. मोरी तुंबल्यावर आपण वापरतो तेच, फक्त दांडा काढलेलं. त्याने भोंगा अक्षरशः बोलतो. बटण एकवर नेलं की फुंकरीआधीचा श्वासही ऐकू येतो.

आत्या गणपतीत आमच्याकडे राहायला होती. तिचं गाणं शिकणं अर्ध्यावर सुटलं, कान शाबूत आहे. दहा मिनिटं ऐकून म्हणाली, "अरे, हा रडतोय की नकला करतोय?" मी म्हटलं, दोन्ही. त्यावर ती म्हणाली, "मग लाव परत," आणि स्वतः उठून पंखा बंद केला. रडचं नाव सांगितल्यावर तिला हसू आवरेना, ते वेगळं.

जॅझ नव्याने ऐकत असाल तर सुरुवात इथून करू नका. 1982 चा 'रीजनरेशन' घ्या. त्यात रडबरोबर सॅक्सोफोनवर स्टीव्ह लेसी आणि पियानोवर मिशा मेंगेलबर्ग आहेत, तबकडीच्या एका बाजूला निकोल्सच्या रचना आणि दुसरीला थेलोनियस मंक या पियानोवादकाच्या. पियानो आहे, बास आहे, सगळं भरलेलं. ते मुरलं की मग इकडे या.

एक धोका सांगून ठेवतो. हा अल्बम संपल्यावर आवाज कमी केल्याशिवाय दुसरी सीडी लावू नका. मी एका रात्री साडेदहाला विसरलो. वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं आणि त्याचे आजोबा खाली आले. तेव्हापासून ॲम्प्लिफायरवर चिठ्ठी चिकटवली आहे. याच अल्बमचा दुसरा भाग मागवलाय, अजून आलेला नाही. आता डिसेंबर आहे, पंख्याची तरी कटकट नाही.