कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ : आठ महिने, दर रविवारी एक फोटो

कॅनोनेट हा कॅननचा जुना फिल्म-कॅमेरा. माझ्याकडच्या कॅनोनेटमधून सलग चार रविवार एकाच जातीचा फोटो पुढे आला. सावलीचा भाग मातकट, काळ्यात पोत नाही, निगेटिव्ह उजेडासमोर धरली तर नको इतकी पातळ. रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे कॅमेरे) वापरणाऱ्या आम्हा काही जणांत नेम आहे : दर आठवड्याला प्रत्येकाने आपला एकच आवडता फोटो दाखवायचा. या नेमामुळेच दोष पकडला गेला. रोलमधले दोन-चार फोटो पातळ निघाले तर आपण ढगांना दोष देतो. पण निवडून काढलेला सर्वांत चांगला फोटोसुद्धा महिनाभर पातळच येत असेल, तर गडबड कॅमेऱ्यात असते. इथे ती सेलमध्ये होती.

लेन्स, वजन, शटर याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. सेलबद्दल मात्र एका ओळीत ‘एलआर४४ (साधा बटण-सेल) चालतो’ असं सांगून लोक मोकळे होतात. तो कसाबसा बसतो आणि सुईही हलते, पण उजेड मोजणारं मीटर खोटं सांगतं, म्हणून आधी सेलच.

१९७२ साली हा कॅमेरा आला तेव्हा त्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं होतं. पाऱ्याचा सेल शेवटपर्यंत जवळजवळ तोच दाब (व्होल्टेज) देतो, म्हणून आत दाब स्थिर ठेवणारं वेगळं सर्किट घातलेलं नाही. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने पाऱ्याच्या बटण-सेलची विक्री थांबली आणि हे सेल बाजारातून गेले. आज त्या जागी अल्कलाइन एलआर४४ घातला की मीटरला १.५ व्होल्ट मिळतात. जास्त दाब म्हणजे सुई जास्त सरकते, उजेड आहे त्याहून जास्त वाटतो, आणि ‘ए’वर (आपोआपच्या खुणेवर) ठेवलेला कॅमेरा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) गरजेपेक्षा लहान करतो. फिल्मवर उजेड कमी पडतो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पोटात घेते, कमी उजेड अजिबात सोसत नाही. मातकट सावल्या तिथून येतात.

यावर ‘एएसए (कॅमेऱ्यावर लावायचा फिल्मच्या वेगाचा आकडा, म्हणजेच आयएसओ) अर्धा करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. अल्कलाइनसाठी तो चुकीचा आहे. त्याचा दाब नव्यात १.५ असतो आणि वापरात उतरत जातो, म्हणजे आज जमवलेली दुरुस्ती दोन महिन्यांनी उलटी पडते. सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ १.५५ व्होल्टवर बराच स्थिर राहतो. त्याच्यासोबत एएसएची युक्ती निदान एकसारखी चुकते, आणि एकसारखी चूक मोजून सुधारता येते. दाब उतरवणारा एमआर-९ अ‍ॅडॉप्टरही मिळतो, पण बाहेरून मागवायचा तर त्याच पैशात कितीतरी फिल्म येते. म्हणून तो घेतला नाही आणि घ्यायची गरजही नाही.

गरज नाही, कारण कानाच्या मशीनचा सेल आहे. ६७५ नंबर, निळ्या स्टिकरचा, झिंक-एअर, १.४ व्होल्ट. औषधाच्या मोठ्या दुकानात किंवा श्रवणयंत्रांच्या दुकानात सहाचं पाकीट मिळतं. पीएक्स६२५चा व्यास १५.६ मिमी, ६७५चा ११.६. मधली ४ मिमीची फट भरायला साधारण साडेअकरा मिमी आतल्या व्यासाची आणि २ मिमी जाडीची रबरी ओ-रिंग लागते, ती प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. सेल रिंगमध्ये दाबला की तो मधोमध बसतो, डगमगत नाही. उंचीही अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त कमी पडते. संपर्क होत नसेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी करून लावायची, पण ती ऋण बाजूला. धन बाजूला सेलची हवेची छिद्रं असतात, ती झाकली की सेल गुदमरतो. फॉइलचा काठ दुसऱ्या ध्रुवाला लागणार नाही इतकी घडी लहान कापा. स्टिकर काढल्यावर दोन मिनिटं सेल उघडा ठेवा, मगच कॅमेऱ्यात घाला. हवा आत गेल्याशिवाय दाब पूर्ण चढत नाही.

हे केल्यावर पुढच्याच रोलपासून निगेटिव्ह भरदार आल्या. चाळीसेक रुपयांच्या सेलने पन्नास वर्षांपूर्वीचं मीटर पुन्हा खरं बोलायला लागतं, याचा आनंद फार मोठा होता.

इथपर्यंतचं तिसऱ्या महिन्यात लिहिलं होतं. आता आठवा महिना संपलाय आणि दोन गोष्टी बदलून लिहायला हव्यात.

पहिली गोष्ट सेलच्या आयुष्याची. झिंक-एअर सेल स्टिकर काढल्या क्षणापासून खर्ची पडतो, मग कॅमेरा कपाटात असला तरी. स्टिकर परत चिकटवून फारसा फायदा होत नाही. कोरड्या हवेत आतलं पाणी सुकतं, पावसाळ्यात बाहेरची ओल आत शिरते. माझ्याकडे दोन ते अडीच महिन्यांपुढे एकही टिकला नाही. आणि तो हळूहळू उतरत नाही, शेवटपर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम जातो. सेल गेला की ‘ए’वर शटरचं बटण दबतच नाही, कारण सुई मर्यादेबाहेर असली की ते अडवण्याची सोयच या कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा बिघडला असं समजून कित्येक जण तो दुरुस्तीला देतात. त्याआधी अ‍ॅपर्चरची रिंग ‘ए’वरून काढून एखाद्या आकड्यावर आणा आणि दाबून बघा. शटर वाजलं तर कॅमेरा ठणठणीत आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सेल बरोबर असतानाही ‘ए’वर काढलेल्यांपैकी फार थोडे फोटो रविवारी दाखवण्यालायक ठरले. मीटरचा डोळा फिल्टरच्या कड्यातच, लेन्सच्या वर बसवलाय. याचा फायदा असा की पिवळा किंवा लाल फिल्टर लावला तर त्याने अडवलेला उजेड आपोआप हिशेबात धरला जातो (फिल्टरचं माप ४८ मिमी, ४९चा सहज मिळतो, म्हणून ४८-४९ची स्टेप-अप रिंग घेऊन ठेवा). तोटा असा की तो डोळा समोरच्या सगळ्याची सरासरी काढतो. पावसाळ्यातलं पांढरं आभाळ चौकटीत वर आलं की खालचा माणूस काळा. उपाय आहे : कॅमेरा जमिनीकडे झुकवा, बटण अर्धं दाबून धरा, सुई तिथेच अडकते, मग चौकट जमवून पूर्ण दाबा. जमतं, पण त्यापेक्षा हाताने अ‍ॅपर्चर लावणं लवकर होतं.

हाताने लावताना मीटर बंद असतं, हे नवीन माणसाला खटकतं. मलाही खटकलं होतं. आता तेच बरं वाटतं. आयएसओ ४०० फिल्मला कडक उन्हात १/५०० आणि एफ/१६. हा कॅमेरा तिथे आपल्या दोन्ही टोकांवर असतो, पुढे जागा नाही. सावल्या पुसट झाल्या की एफ/११, सावलीच पडत नसेल तर एफ/८, गच्च पावसाळी आभाळाला किंवा उघड्या सावलीत एफ/५.६. घरात खिडकीजवळ १/६० आणि एफ/२.८, रात्री ट्यूबलाइटच्या खोलीत १/३० आणि एफ/२. शंका आली की एक घर जास्त उघडं ठेवा. शेवटच्या काही महिन्यांत सेलशिवायच काम चाललंय. याच्या जोडीला नेहमी तोलला जाणारा याशिका इलेक्ट्रो ३५ सेल काढला की फक्त १/५०० या एकाच वेगावर चालतो. कॅनोनेटचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सगळे वेग सेलविना मिळतात. माझ्या हिशेबात या एका कारणाने कॅनोनेट वरचढ.

आता फिल्मचा हिशेब, कारण दर आठवड्याला नवा फोटो हवा तर ३६चा रोल आठवड्यात संपत नाही, आणि संपवायचा म्हणून काढलेले फोटो दाखवण्यालायक नसतात. कृष्णधवल फिल्मचा १०० फुटी डबा घेऊन रोल घरी भरणं हा मार्ग. एक फ्रेम म्हणजे आठ छिद्रं, ३८ मिमी. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक मिळून ३० सेंमी धरा. सुरुवातीला मी १२ फ्रेमचे रोल भरले : एकाला साधारण ७५ सेंमी, ३०.५ मीटरमध्ये ४० रोल, म्हणजे ४८० फ्रेम. तोच डबा ३६च्या मापाने भरला तर १८ रोल, ६४८ फ्रेम. फक्त टोकांपायी १६८ फ्रेम जातात. हे लक्षात आल्यावर १८ फ्रेमवर आलो : एका रोलला ९८ सेंमी, ३१ रोल, ५५८ फ्रेम. एका डब्यात ३१ आठवडे निघतात आणि दर रविवारी निवडायला १८ फोटो पुरेसे होतात.

घरी भरलेला रोल क्विक लोडमध्ये (नावातलं ‘क्यूएल’ : टोक खुणेपर्यंत ठेवून झाकण लावलं की फिल्म भरली जाण्याची सोय) नीट बसतो, पण दोन गोष्टी पाळा. टोक कापताना कात्री दोन छिद्रांच्या मधून जाऊ द्या, छिद्र अर्धं कापलं गेलं की तिथून फिल्म फाटते. आणि टोक बरोबर लाल खुणेपर्यंतच ओढा. पुढे गेलं की झाकणाखाली चुरगळतं, मागे राहिलं की रीळ ते पकडत नाही. झाकण लावल्यावर लिव्हर ओढताना डावीकडचं गुंडाळीचं बटण फिरतंय का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म पुढे जात नाही आणि सगळे फोटो एकाच फ्रेमवर पडणार आहेत. रोलच्या शेवटी लिव्हर अडली की जोर नको. घरच्या रोलला शेवट फक्त चिकटपट्टीचा असतो, ती सुटली तर कॅमेरा अंधारातच उघडावा लागतो.

धुलाई डी-७६ या डेव्हलपरमध्ये, १:१ (जितकं डेव्हलपर तितकंच पाणी). एचपी५ प्लस फिल्मला २० अंशांना ११ मिनिटं. एका रिळाच्या टाकीत ३०० मिली द्रावण बसतं, त्यात मूळ डेव्हलपर १५०. कोडॅकच्या सूचनेप्रमाणे पूर्ण ३६च्या रोलला १:१ चं ४७३ मिली लागतं आणि २३७ मिलीतच उरकायचं तर वेळ १० टक्के वाढवायचा. १८ फ्रेमला हा प्रश्न येत नाही. उन्हाळ्यात नळाचं पाणी गरम येतं, तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा. गरम पाण्यात वेळ कमी करून भागवायचं ठरवलं तर वेळ इतका आखूड होतो की धुलाई एकसारखी होत नाही.

फोकसची खात्री न करता या लेन्सला नावं ठेवू नका. एफ/१.७ वर एका मीटरला फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम ६ सेंमी आहे, सर्वांत जवळच्या ०.८ मीटरला ४ सेंमी. रेंजफाइंडर थोडाही सरकला असेल तर डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. तपासणी अशी : झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) उघडं धरा, अ‍ॅपर्चर १.७. टेपने मोजून एका मीटरवर छापील अक्षरं ठेवा आणि भिंगातून पट्टीवरची प्रतिमा बघा. मग तेच किलोमीटरभर लांबच्या टॉवरवर करा. दोन्हीकडे पॅच (बघायच्या खिडकीतला दुहेरी प्रतिमेचा ठिपका) जुळलेला असताना प्रतिमा स्पष्ट हवी. लांबचं जुळतं आणि जवळचं नाही, तर नुसता स्क्रू फिरवून भागत नाही, जाणकाराकडे द्या. पॅच वर-खाली सरकलेला असेल तर फोटो बिघडत नाही, डोळ्याला मात्र त्रास होतो. रस्त्यावर पॅच बघायचाच नसेल तर एफ/८ला अंतर ६.७ मीटरवर लावा, ३.३ मीटरपासून पुढचं सगळं फोकसमध्ये.

लाइट सील (झाकणाच्या फटीतून उजेड आत येऊ न देणारा फोम) बदललेले नसतील तर ते गेलेलेच आहेत असं धरा. जुन्या फोमचा चिकट डांबरासारखा गाळ होतो. रंगीत फिल्मवर प्रत्येक फ्रेमला एकाच जागी नारिंगी पट्टा दिसला की तेच कारण. दातकोरणं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच साफ करा, कॅमेऱ्याची उघडी पाठ खाली झुकलेली ठेवा म्हणजे कण शटरवर पडत नाहीत. अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा भरा, बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची पट्टी. खर्च नगण्य, काम तासाभराचं.

घ्यायला जाल तेव्हा शटर १/४ वर लावून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून बघा. पानं आळसावून उघडत असतील तर त्यांवर तेल आलंय, आणि त्याच तेलाने अ‍ॅपर्चरची पानंही धरली जातात. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा, कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या नगात तर नक्की. पॅच फिका असेल तर भाव पाडून मागा. कव्हर उघडून आतल्या काचा पुसल्या तर बराच फरक पडतो, पण अर्धपारदर्शक आरशाला स्पिरिट किंवा कापूस लावू नका. त्याचा मुलामा पुसला जातो, मग पॅच परत येत नाही. तिथे फक्त फुंकणी वापरा.