घरचा कोच आणावा की बाहेरचा? मिशिगन आणि नेब्रास्काच्या नेमणुका समोरासमोर

सीझन फसला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांच्यात दरवर्षी तोच वाद पेटतो, एक गट म्हणतो आपलाच जुना प्लेयर हेड कोच म्हणून आणा, त्याला ही जागा कळते, दुसरा म्हणतो भावनेत अडकू नका, बाहेर जाऊन ज्याने जिंकून दाखवलंय तो आणा. तुमच्या युनिव्हर्सिटीचा कोच गेला असेल किंवा जायच्या बेतात असेल आणि आपण कुठल्या बाजूने उभं राहायचं हे ठरवायचं असेल, तर माझं म्हणणं असं की आधी मिशिगन आणि नेब्रास्का या दोघांचं गेल्या वीस-बावीस वर्षांचं नेमणुकांचं रेकॉर्ड शेजारी शेजारी ठेवून बघा. डेट्रॉइट, अ‍ॅन आर्बरकडे आपली मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांना यातला मिशिगनचा भाग तोंडपाठ असेल, पण नेब्रास्का शेजारी ठेवलं की तोच इतिहास वेगळा दिसायला लागतो.

हेच दोघं का, तर सुरुवात जवळपास सारखी आहे. दोन्ही जुनी घराणी, दोन्हीकडे एकाच विचाराच्या कोचेसची लांबलचक साखळी, मिशिगनला १९६९ पासून बो शेमबेकलर आणि मग त्याच्याच तालमीतली माणसं, नेब्रास्कात १९७३ ते १९९७ टॉम ऑस्बर्न. आणि १९९७ चं नॅशनल टायटल तर या दोघांनी वाटून घेतलंय, एपी वृत्तसंस्थेच्या पत्रकारांच्या पोलमध्ये मिशिगन पहिलं, कोचेसच्या पोलमध्ये नेब्रास्का. त्या नेब्रास्का टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमची चाल चालवणारा प्लेयर, होता स्कॉट फ्रॉस्ट, सीझननंतरच्या ऑरेंज बोल या मॅचमध्ये टेनेसीला ४२-१७ हरवल्यावर त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून मतं देणाऱ्या कोचेसना आमचाही विचार करा म्हणून विनवलं होतं. हे नाव लक्षात ठेवा.

आधी बाहेरचे दोघं घेऊ. नेब्रास्काने २००३ मध्ये फ्रँक सॉलिचला काढलं, तेव्हा त्याचा त्या सीझनचा रेकॉर्ड ९-३ (नऊ जिंकलेल्या, तीन हरलेल्या) होता आणि एकूण ५८-१९. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचा प्रमुख, स्टीव्ह पेडरसनचं म्हणणं होतं की आपण सामान्य होत चाललोय आणि ते मी होऊ देणार नाही. आणला कोणाला, तर बिल कॅलहन, एनएफएल या प्रो लीगमधून, तिथल्या रेडर्स टीमला सुपर बोल या फायनलपर्यंत नेलेला माणूस, पण कॉलेजात हेड कोच म्हणून एकही वर्ष काम न केलेला. इतकी वर्षं ऑप्शन खेळून, पळून पळून मॅच जिंकणारी टीम त्याने पासिंगवर आणायला घेतली, आणि पहिल्याच वर्षी ५-६, सलग ३५ वर्षं सीझननंतरच्या बोल गेममध्ये खेळायची परंपरा तुटली, टेक्सस टेककडून ७०-१० मार खाल्ला. चार वर्षांत २७-२२, आणि शेवटच्या वर्षी कॅन्ससने ७६ पॉइंट चढवले तेव्हा विषय संपला.

मिशिगनने २००७ च्या डिसेंबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियाहून रिच रॉड्रिगेझला आणलं, आणि इथे लोक दोघांना एकाच माळेत ओवतात ते मला पटत नाही. रॉड्रिगेझ कॉलेजमध्ये सिद्ध झालेला होता, त्याची स्प्रेड ऑफेन्स (प्लेयर मैदानभर पसरवून हल्ला करायची पद्धत) तेव्हा अख्खा देश कॉपी करत होता. पहिलं वर्ष कॅलहनपेक्षाही वाईट गेलं हे खरं, ३-९, घरच्या मैदानावर टोलेडोकडून हार, ३३ वर्षांची बोलची परंपरा इथेही तुटली. पण ऑफेन्स नंतर चाललीच ना, २०१० मध्ये डेनार्ड रॉबिन्सन क्वार्टरबॅक असून १७०२ यार्ड पळाला! बुडवलं ते डिफेन्सने. वेस्ट व्हर्जिनियात त्याचा डिफेन्स सांभाळणारा जेफ कॅस्टील मिशिगनला आलाच नाही, मग तीन वर्षांत डिफेन्सचे दोन कोऑर्डिनेटर (प्रमुख) झाले, दुसऱ्याला तर जी पद्धत त्याची स्वतःची नव्हती ती शिकवायला लावली, आणि त्याच २०१० मध्ये इलिनॉयविरुद्ध ६५ पॉइंट खाऊन ६७-६५ अशी तीन ओव्हरटाइममध्ये मॅच काढावी लागली. वर प्रॅक्टिसच्या तासांवरून एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची चौकशी, आणि घरातलेच जुने लोक पहिल्या दिवसापासून पाठ फिरवून. १५-२२ वर तो गेला. पुढे अ‍ॅरिझोनात त्याने कॅस्टीलला सोबत नेलं आणि २०१४ मध्ये १०-४ करून फिएस्टा बोल गाठला, म्हणजे माणूस टाकाऊ नव्हता, अर्धाच आणला होता. कॅलहनची नेमणूक मुळातच चुकीची होती, रॉड्रिगेझची नेमणूक बरोबर होती पण अपुरी, आणि बाहेरचा नकोच म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

या दोघांनंतर आलेले मधले दोघं पटकन. बो पेलिनीने नेब्रास्कात सात वर्षं दरवर्षी नऊ किंवा दहा मॅच जिंकल्या, ६६-२७, आणि तरी काढला. ब्रेडी होक मिशिगनचा जुना असिस्टंट, सगळ्यांचा लाडका, पण येताना हेड कोच म्हणून रेकॉर्ड ४७-५०. पहिल्या वर्षी रॉड्रिगेझच्याच पोरांना घेऊन ११-२ आणि शुगर बोल, मग ८-५, ७-६, ५-७. दर वर्षी एक एक पायरी खाली, हे बघताना जीव तुटायचा. घरचा असणं एवढीच पात्रता असली की काय होतं याचं हे उदाहरण, याच्यावर जास्त वेळ घालवायला नको.

आता खरा मुकाबला, जिम हार्बॉ विरुद्ध स्कॉट फ्रॉस्ट. दोघं घरचे, दोघं त्याच युनिव्हर्सिटीचे क्वार्टरबॅक, दोघांचे वडील कोच, दोघं आले तेव्हा गावात दिवाळी. फ्रॉस्ट तर नेब्रास्कातच जन्मलेला, वूड रिव्हरसारख्या छोट्या गावातला. घरचाच हवा म्हणणाऱ्यांना याच्यापेक्षा जास्त घरचा माणूस मिळणार नव्हता.

फरक कागदावर आधीच दिसत होता. फ्रॉस्टने सेंट्रल फ्लोरिडात दोन वर्षं काम केलं होतं, ६-७ आणि मग २०१७ ची ती झगझगीत १३-०. बस, दोन. हार्बॉ मिशिगनला आला तेव्हा त्याची हेड कोच म्हणून अकरा वर्षं झाली होती, सॅन डिएगो युनिव्हर्सिटीत तीन, मग स्टॅनफर्डमध्ये चार, जिथे १-११ झालेली टीम हातात घेऊन ४-८, ५-७, ८-५, १२-१ अशी वर काढली, मग एनएफएलच्या फोर्टी नायनर्समध्ये चार आणि त्यात एक सुपर बोल. तीन वेगवेगळ्या जागी, तीन वेगळ्या प्रकारच्या खेळाडूंना घेऊन. स्टॅनफर्डची ती दोन हरलेली वर्षं मला १२-१ पेक्षा महत्त्वाची वाटतात, कारण हरत असताना तो काय करतो हे कोणीतरी आधी बघितलेलं होतं. फ्रॉस्टचं हे कोणी बघितलंच नव्हतं.

रिझल्ट माहीतच आहेत, फ्रॉस्ट ०-६ ने सुरू झाला, त्यातली एक मॅच अ‍ॅन आर्बरला ५६-१०, एकूण १६-३१, आणि एका स्कोअरच्या फरकाने संपलेल्या मॅचेसमध्ये ५-२२. हा शेवटचा आकडा वाचून लोक नशीब नशीब करतात. नशीब बावीस वेळा नसतं. ऑक्टोबर २०२१ ची लिंकनमधली मॅच आठवा, मिशिगनविरुद्ध २९-२९, शेवटची दोनेक मिनिटं, नेब्रास्काकडे बॉल, थर्ड अँड वन, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि फक्त एक यार्ड हवा. क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ स्वतः घुसला, चार जणांनी धरलेला, उभ्या उभ्याच मागे ढकलला जातोय, शिटी वाजत नाहीये, आणि तो एक यार्ड काही सोडायला तयार नाही, तेवढ्यात ब्रॅड हॉकिन्सने त्याच्या हातातून बॉल हिसकावला. जेक मूडीची फील्ड गोल किक, ३२-२९. पोरगं वेड्यासारखं झगडत होतं, त्याला कोण दोष देणार, पण दर आठवड्याला शेवटच्या पाच मिनिटांत असंच काहीतरी होत असेल तर ते प्रॅक्टिसमध्ये, टीमच्या सवयीत बसलेलं असतं, आणि ती सवय लावणं हे हेड कोचचंच काम.

आता "घरच्या माणसाला वेळ द्या" या मुद्द्याकडे येऊ. हार्बॉ २०२० मध्ये २-४ झाला, कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्ध तोवर ०-५. मिशिगनने त्याला ठेवला, पण पगार जवळपास अर्धा केला, आणि डिफेन्सला एनएफएलच्या रेव्हन्सकडून माइक मॅकडॉनल्ड आला. पुढच्याच वर्षी ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, आणि २०२३ ला १५-० आणि टायटल. नेब्रास्कानेही २०२१ मध्ये हेच केलं, फ्रॉस्टचा पगार कापला, ऑफेन्सचे चार असिस्टंट काढले. औषध तेच, पण हार्बॉ त्या वेळी मिशिगनमध्ये ४९-२२ होता आणि फ्रॉस्टचा तो सीझन ३-९ वर संपला. दुसरी संधी कोणत्या रेकॉर्डवर देताय हे बघायला नको का? एका वाईट वर्षाची माफी वेगळी आणि चौथ्या वाईट वर्षाची वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरात ४५-४२ हरल्यावर नेब्रास्काने त्याला लगेच काढला, तीन आठवडे थांबले असते तर बायआउट (करार मोडल्याची भरपाई) दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होता, तेवढंही थांबवलं नाही त्यांना.

हार्बॉची किंमतही सांगायला हवी, नाहीतर तुलना लबाडीची होईल. २०२३ मध्येच तो रेग्युलर सीझनच्या बारापैकी सहा मॅचेसना सस्पेंड होता, तीन रिक्रूटिंगच्या प्रकरणात, तीन समोरच्या टीमचे इशारे (साइन) चोरण्याच्या, आणि टायटल जिंकून एनएफएलच्या चार्जर्सकडे गेल्यावर २०२४ मध्ये एनसीएएने त्याच्यावर कॉलेज कोचिंगसाठी चार वर्षांचं बंधन घातलं. मी तरी ती नेमणूक पुन्हा केली असती, पण तुमच्या युनिव्हर्सिटीला हे पचणार आहे का हे तुम्ही ठरवा.

तर नावं समोर आली की घरचा की बाहेरचा हे मी शेवटी बघेन. आधी बघेन की पडलेली टीम त्याने किती वेळा आणि किती वर्षं घेऊन उभी केली, आणि त्याचा उजवा हात सोबत येतोय का. स्टाफ आला म्हणजे भागलं असंही नाही बरं का, फ्रॉस्टने सेंट्रल फ्लोरिडाचा जवळपास अख्खा स्टाफ आणला होता, पण नेब्रास्काच्या बिग टेन लीगमधल्या धक्काबुक्कीत टिकेल अशी टीम त्यांना बनवता आली नाही. दोन वर्षं चमकलेला आपला पोरगा आणि दोन ठिकाणी टीम उभी केलेला कंटाळवाणा परका असे दोघं असतील तर मी परका घेईन, आणि आपलाच माणूस दोन-तीन ठिकाणी करून आलेला असेल तर पुढची नावं वाचणारही नाही.

आणि तुमचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर किती घाई करतोय यावर डोळा ठेवा. २०१४ मध्ये एकाच आठवड्यात दोन्हीकडे खुर्ची रिकामी झाली, पेलिनी ३० नोव्हेंबरला गेला, होक २ डिसेंबरला. नेब्रास्काने ४ डिसेंबरला ओरेगन स्टेटचा माइक रायली जाहीर करून टाकला, तीन वर्षांत १९-१९. मिशिगनमध्ये जिम हॅकेट नुसता हंगामी डायरेक्टर होता, स्वतः शेमबेकलरकडे खेळलेला, लोक रोज शिव्या घालत होते आणि तो हार्बॉच्या फोर्टी नायनर्सचा सीझन संपायची वाट बघत बसला, ३० डिसेंबरपर्यंत. नुसतं थांबणंही कामाचं नाही, पेडरसनने सॉलिचला काढल्यावर सहा आठवडे घेतले आणि हाती कॅलहन लागला. हॅकेटला आपण कोणासाठी थांबलोय ते माहीत होतं, पेडरसनला काढताना पुढचं नावच पक्कं नव्हतं.