40 हजार किलोमीटरची सर्व्हिस, 45 डिग्रीचं ऊन आणि 19 हजारांचं बिल

नागपूर, चंद्रपूर, अकोला साइडच्या लोकांनो, मे महिन्यात गाडी सर्व्हिसला टाकणार असाल तर टाकायच्या आधी हे वाचून घ्या. लांबलचक झालंय, पण माझे पैसे गेले ते गेले, तुमचे तरी वाचतील.

माझी गाडी साधी एक लिटरची पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडरवाली. ही तीन सिलिंडरची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे. 40,000 किलोमीटर झाले आणि सर्व्हिस सेंटरवरून फोन सुरू झाले, सर तुमची मेजर सर्व्हिस ड्यू आहे. सेंटर अधिकृत, काचेची बिल्डिंग, आत एसी, कॉफीचं मशीन, सगळा थाट. नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच ठिकाणी होतो असं मला वाटत नाही. 27 मेला मामेबहिणीचं लग्न होतं चंद्रपूरला, सगळे गाडीनंच जाणार, त्यामुळे म्हटलं त्याआधी करून घेऊ. 14 मेला सकाळी गाडी टाकली. अंदाजे खर्च विचारला तर तिथला अॅडव्हायझर साडेसात हजार म्हणाला. ठीक आहे म्हटलं, 40 हजारला स्पार्क प्लग, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल असं बरंच येते, एवढं तर लागणारच.

दुपारी दोन वाजता फोन. आणि हा दोनचा टाइम पण काय बरोबर पकडतात हे लोक, बाहेर आग ओतून राहिली असते, आपण ऑफिसात कुलरपुढं अर्धमेले बसलेले असतो, डोकं चालत नसते. "सर, गाडी ओपन केली आहे, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं लिक्विड) पूर्ण खराब झालंय, एसीचा गॅस लो आहे, थ्रॉटल बॉडीत कार्बन आहे, इंजिन फ्लश पण करून घ्या. आपल्या विदर्भाच्या उन्हात हे करावंच लागते सर, कंपनीचं शेड्यूल थंड एरियासाठी असते." वर फॅमिली घेऊन लांब जाणार आहात ना, रस्त्यात बंद पडली तर, असं पण ऐकवलं. लग्नाला जाणार हे मीच सकाळी गप्पा मारताना सांगून बसलो होतो. पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर वाढीव एस्टिमेट आलं, खाली लिहिलेलं की अप्रूव्हलसाठी ओके रिप्लाय करा. मी ओके पाठवला. ही माझी सगळ्यात मोठी चूक, त्या दोन अक्षरांनी नंतर माझे हात बांधून टाकले.

संध्याकाळी बिल झालं 19,230 रुपये. गाडी धुऊन, टायरला काळं पॉलिश मारून चकाचक उभी. बाबांनी घरी बिल हातात घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं, काही बोलले नाहीत, घडी करून डायरीत ठेवून दिलं. बाबा एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, तिथे स्टोअरला होते, आयुष्यभर नग मोजले आणि रजिस्टरात चढवले. घरात कोणतीही वस्तू आली की तिच्यावर मार्करनं तारीख टाकतात. सिलिंडरवर तारीख, बॅटरीवर तारीख, कुलरच्या ताट्यांत नवीन वाळा भरला की लाकडी फ्रेमवर तारीख. आई चिडवते की माझ्या कपाळावर पण टाका एकदा. आम्ही पण हसायचो.

27 तारखेला निघालो. 25 ला नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागलेला, म्हणजे उन्हाचं काही सांगूच नका, आईनं दुपट्टा ओला करून डोक्याला बांधलेला, मागे अहेराच्या पिशव्या. अकरा वाजता निघायचं ते साडेबारा झाले. बुटीबोरी, जाम चौरस्ता सगळं नीट गेलं. वरोऱ्याच्या थोडं अलीकडे एसीतून एकदम गरम हवा यायला लागली आणि मीटरवर लाल थर्मामीटरचा दिवा. माझ्या गाडीत टेम्परेचरचा काटा नाही, आता बऱ्याच गाड्यांत नसतो, थंड असली की निळा दिवा आणि तापली की डायरेक्ट लाल, मधलं काही कळतच नाही. कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं आणि मी रेडिएटरच्या झाकणाला हात लावणार तेवढ्यात बाबा ओरडले, "अरे हात भाजून घेतोस का! राहू दे तसंच!" बरोबरच होतं त्यांचं, गरम इंजिनचं ते झाकण उघडलं की उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येते. बाभळीच्या सावलीत पाऊण तास बसलो. कुलंटच्या रिझर्व्हच्या बाटलीत बघितलं तर तळाला थोडं काहीतरी, अगदी फिक्कं गुलाबी, लग्नाच्या पंगतीत शेवटी शेवटी पाणी घालून वाढवलेलं सरबत असते ना तसं. जवळच्या बिसलेरीच्या दोन बाटल्या ओतल्या आणि थांबत थांबत वरोऱ्याला एका मिस्त्रीकडे पोचलो.

मिस्त्रीनं स्टीलच्या ग्लासात थोडं काढलं, त्याच्याकडे तो छोटा तरंगणाऱ्या काट्याचा टेस्टर होता, त्यात ओढून बघितलं, काटा जागचा हललाच नाही. "भाऊ, तुम्ही दोन बाटल्या टाकल्या ते धरलं तरी यात कुलंट असं नाहीच, निस्तं पाणी आहे. आन् भरताना हवा पण काढली नाही कोणी." साधं पाणी 100 डिग्रीला उकळते, अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर असलं आणि वरून झाकणाचं प्रेशर असलं की तेच सव्वाशेच्या आसपास जाते. 45 च्या उन्हात चार माणसं, सामान आणि फुल एसी घेऊन पळणाऱ्या गाडीला हाच मधला फरक वाचवत असतो. आणि बिलात काय, कुलंट फ्लश अँड रिप्लेस, 1,650 रुपये.

आता खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. मिस्त्री काम करत होता तोवर मी सावलीत बसून गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं, पाच वर्षांत पहिल्यांदा, कबूल करतो. मागे शेड्यूलचा तक्ता असतो, किलोमीटर आणि महिने, जे आधी होईल ते, काही खाने बदला, काही खाने फक्त तपासा. माझ्या गाडीला कंपनीनं लाँग लाइफ कुलंट टाकलंय आणि त्याचा पहिला बदल लिहिलाय दीड लाख किलोमीटरच्या पुढे! म्हणजे गाडीतलं चांगलं कुलंट काढायची गरजच नव्हती. उन्हाचं कारण सांगून चांगलं होतं ते काढलं, पाणी भरलं आणि त्याचे वर 1,650 घेतले. सर्व्हिसच केली नसती तर लग्नाला आम्ही वेळेवर पोचलो असतो.

सेंटरचा अॅडव्हायझर फोनवर उन्हाबद्दल बोलला ते सगळं खोटं नव्हतं, म्हणूनच माणूस फसतो. त्याच मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी, कठीण वापरासाठी वेगळा तक्ता दिलाय, त्यात इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदला असं आहे. पण ते तेवढ्यापुरतंच. इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्ट, इंजिन ड्रेसिंग, सायलेन्सर कोटिंग (एकट्या कोटिंगचे 2,900) हे दोन्ही तक्त्यांत कुठेही नाही. एसीच्या गॅसचं पण तसंच. गॅस म्हणजे पेट्रोल नाही दर वर्षी संपायला, सिस्टिम बंद असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी लीक आहे, मग आधी लीक शोधून दाखव ना. आणि गॅस किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असते, सेंटरवाल्यानं किती निघाला किती भरला काहीच लिहिलं नाही, नुसतं गॅस चार्जिंग 2,360. मिस्त्रीनं पाण्याचा पाइप घेऊन पुढचा कंडेन्सर (एसीची जाळी) धुतला, शेतातला कचरा आणि कापसाचे धागे निघाले एवढाले, त्यानंतर एसी जो थंड झाला तो अजून चालू आहे. उन्हात तापलेल्या गाडीत पहिली दहा मिनिटं एसी गारच वाटत नाही, त्याला घाबरून गॅस भरू नका.

आणि उन्हानं ज्याची खरंच वाट लागते तिकडे या लोकांनी बघितलं पण नव्हतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी तशीच. टायरमध्ये हवा 40, दाराजवळच्या स्टिकरवर 33 लिहिलेली. नवतप्यात हायवेवर तापून ती अजून किती वाढली असेल, आठवलं की आता पोटात गोळा येतो.

हे सगळं होईपर्यंत बाबा गप्प होते. मग खिशातून ते बिल काढून (सोबत आणलं होतं!) मिस्त्रीला म्हणाले, "जरा एअर फिल्टरचा डबा उघडता का?" बिलात नवीन फिल्टर, 480 रुपये. मिस्त्रीनं क्लिप काढल्या, फिल्टर बाहेर काढला, कडेला निळ्या मार्करनं मागच्या वर्षीची तारीख आणि खाली बाबांची सही. कडुनिंबाची वाळलेली पानं पण अडकलेली त्यात. मी हसलो की रडलो मला आठवत नाही. आई म्हणाली, आता नाही चिडवणार. मग बाबांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, स्पार्क प्लग, 4 नग, 310 प्रमाणे 1,240. "तीन सिलिंडरला चौथा प्लग कुठं लावला रे त्यानं?"

मिस्त्रीनं कुलंट, डिस्टिल्ड वॉटर, मजुरी सगळं धरून 900 घेतले, चार वाजता निघालो, लग्न लागून गेलं होतं, जेवणं उरकली होती. मामा अजून टोमणे मारतो.

परत आल्यावर फिल्टर पिशवीत घालून सेंटरला गेलो. आधी म्हणे शक्यच नाही, सिस्टिममध्ये पार्ट इश्यू झालाय. फिल्टर टेबलावर ठेवला तर म्हणे टेक्निशियन नवीन होता, राहून गेलं असेल, फिल्टर आणि एक प्लग मिळून 790 पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो. पुढच्या सर्व्हिसला! मी सीसीटीव्ही मागितलं तर एवढ्या दिवसांचं राहत नाही. मॅनेजर मीटिंगमध्ये, नेहमीप्रमाणे. मग मी 1915 ला फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तक्रारीचा नंबर मिळतो, बिल, मॅन्युअलच्या पानाचा फोटो, फिल्टरचा फोटो, मिस्त्रीची पावती सगळं जोडलं आणि तेच कंपनीच्या कस्टमर केअरला पण ईमेल केलं. आठवड्याभरात जो मॅनेजर मीटिंगमध्ये होता त्याचाच फोन आला, एकदम मऊ आवाज. शेवटी फिल्टर, एक प्लग आणि कुलंट मिळून 2,440 रुपये खात्यात आले. गॅस, फ्लश, कोटिंग यांचं म्हणाले की सर तुम्ही स्वतः ओके दिलेला आहे. आणि दिलाच होता. ग्राहक आयोगात जायचं डोक्यात होतं, पण त्या ओकेपुढे माझीच बाजू लंगडी वाटली म्हणून सोडून दिलं, तुम्हाला वाटलं तर तुम्ही सोडू नका.

50 हजारची सर्व्हिस मागच्या महिन्यात झाली, वेगळ्या सेंटरला. या वेळी जॉब कार्डवर आधीच लिहून घेतलं की जुने काढलेले सगळे पार्ट डिकीत टाकून द्यायचे आणि तक्त्याबाहेरचं काम फोनवर ओके होणार नाही, मी येऊन गाडी बघेन मगच. अॅडव्हायझरनं थोडं तोंड वाकडं केलं. बाबा सोबत आले होते, डबा घेऊन काचेजवळच्या खुर्चीत दिवसभर बसून राहिले, कॉफी पण घेतली नाही. बिल झालं 5,310. दुपारी दोनला या वेळी पण फोन आला होता मला, सर एसीचा गॅस थोडा लो वाटतोय. मी म्हटलं, माझे बाबा तिथेच काचेजवळ बसलेत, त्यांना मीटरवर दाखवा. परत फोन आला नाही.