चालू मदरबोर्ड ‘डेड’ ठरवला आणि जुनाट ग्राफिक्स कार्ड नवे नाव लावून विकले: १९,००० रुपयांची फसवणूक

प्रोसेसरचे ६,२०० रुपये, ८ जीबी रॅमचे १,६००, ग्राफिक्स कार्डाचे ६,८००, आणि त्यानंतर त्याच दुकानदाराने मला घ्यायला लावलेल्या मदरबोर्डाचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचे, ४,९००. त्यातून माझ्या व्यवस्थित चालणाऱ्या जुन्या बोर्डाची भंगार म्हणून लावलेली ५०० रुपये किंमत वजा. असे एकूण १९,००० रुपये मी शहरातल्या संगणक बाजारातील एका दुकानात मोजले. दुकानाचे नाव वकिलांच्या सल्ल्यावरून येथे देत नाही. मात्र कमी पैशांत जुन्या संगणकाची ताकद वाढवायला निघालेल्या कोणाच्याही बाबतीत हेच घडू शकते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

मी तालुक्याच्या गावी लग्नाच्या व्हिडिओंचे मिक्सिंग आणि अल्बम डिझायनिंग करते. संगणक आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसरचा, एच ११० बोर्डाचा, ८ जीबी डीडीआर ४ रॅमचा होता. २०२३ साली तुळशीच्या लग्नानंतर कामे अंगावर आली तेव्हा रेंडरिंगला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला, रात्र पुरेना, म्हणून वेगवान प्रोसेसर, आणखी ८ जीबी रॅम आणि ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड एवढाच बदल करायचे ठरवले. नवा संगणक घेण्याइतके पैसे नव्हते. मी अंधारात उडी मारली असे कोणी म्हणू नये. माझ्या बोर्डाचे मॉडेल, एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) क्षमता, रॅमचा प्रकार हे सगळे कागदावर लिहून नेले होते आणि तो कागद दुकानदाराच्या हातात दिला होता.

त्याने कागद वाचला आणि आय-फाइव्ह ८४०० काढून दिला. “ताई, तुमचा सॉकेट ११५१, हा पण ११५१. पिना सारख्याच आहेत, बिनधास्त घ्या.” सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. तिचा आकडा खरोखर तोच आहे आणि प्रोसेसर त्या सॉकेटमध्ये बसतोही. परंतु ८४०० हा आठव्या पिढीचा. इंटेलने त्या पिढीपासून काही पिनांचे काम बदलले, आणि त्या प्रोसेसरना ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप), म्हणजे एच ३१०, बी ३६० यांसारखे बोर्ड लागतात. एच ११० बोर्ड सहाव्या आणि सातव्या पिढीपुरताच आहे. हे ज्ञान गिऱ्हाइकाला नसणे स्वाभाविक आहे; दिवसभर हेच विकणाऱ्याला ते नव्हते, यावर मी मेले तरी विश्वास ठेवणार नाही. बायोस (बोर्डात भरलेला मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून माझ्या बोर्डावर चालला असता असा जुना आय-सेव्हन ७७०० त्याच दुकानात ७,५०० रुपयांना होता, हे मी स्वतः पाहिले. तो त्याने दाखवला नाही, कारण तो दिला असता तर बोर्ड विकला गेला नसता. सॉकेटचा आकडा जुळला म्हणून प्रोसेसर घेऊ नका. आपल्या बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती उघडून मॉडेल क्रमांक शोधा.

प्रोसेसर बसवून त्याने संगणक सुरू केला. पंखा फिरला, डिस्प्ले आला नाही. त्याने रॅम काढून पुसल्यासारखे केले, पुन्हा लावली, सेल काढून परत बसवला, आणि मान हलवून म्हणाला, “बोर्ड गेला तुमचा. डेड.” सकाळपर्यंत घरी चालणारा बोर्ड त्याच्या टेबलावर दहा मिनिटांत मेला. माझा जुना प्रोसेसर तेथेच, हातभर अंतरावर, फोमच्या तुकड्यावर ठेवलेला होता. तो परत बसवला असता तर डिस्प्ले आला असता आणि सगळे नाटक तिथेच संपले असते. मी ते सुचवलेही: “जुना लावून बघा ना एकदा.” त्यावर त्याने दिलेले उत्तर आजही आठवले की अंगाचा तिळपापड होतो. “शॉर्ट झालाय ताई, जुना लावला तर तोही जाईल, मग माझ्या नावाने ओरडाल.” आता सांगा, समोरचा माणूस वस्तू वाचवण्यासाठीच नको म्हणतो आहे असे वाटल्यावर कोण हट्ट करील? बाहेर रविवारची गर्दी, हातात घेतलेली लग्नांची कामे, आणि गावी परतणारी शेवटची बस. एच ३१० चा बोर्ड ४,९०० ला घेतला आणि जुना त्याच्याकडे राहिला. नवा बोर्ड चालतो, हेही सांगते. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार ही आहे की तो घेण्याची गरज त्या माणसाने निर्माण केली. काढलेला भाग कोणत्याही दुकानात ठेवून येऊ नका, तो कितीही ‘डेड’ सांगितला तरी. पिशवीत घालून घरी आणा, तोच पुरावा असतो.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट याहून वाईट आहे. सांगितले जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. खोक्यावर तेच, संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तेच नाव, मेमरीही ४ जीबी. मागच्या पट्टीवर एचडीएमआयच्या शेजारी निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए सॉकेट होता. माझा मॉनिटर जुना, व्हीजीए केबलचा, त्यामुळे मला तर ते सोयीचे वाटले, आणि दुकानदारानेही “बघा, वेगळा कन्व्हर्टर घ्यायला नको” असे वर सांगितले. तो निळा सॉकेट हीच चोरीची खूण होती. १०५० टीआयची चिप ज्या पिढीची आहे, त्या पिढीत कार्डातून थेट व्हीजीए देणे बंद झालेले आहे. खऱ्या कार्डावर साधारणपणे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय असतात. सोय म्हणून डोळ्यांसमोर मिरवलेली वस्तूच बनावटपणाची साक्ष देत होती, आणि ही माहिती कोणत्याही गिऱ्हाइकाला पाठ असते असे माझ्या पाहण्यात नाही.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, त्याने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून टाकला आणि बजावले, “अपडेट करू नका, नाहीतर वॉरंटी जाईल.” ड्रायव्हर अपडेट केल्याने वॉरंटी जाते असे सांगणाऱ्या दुकानातून तत्क्षणी उठावे. घरी आल्यावर एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडिंगचा, म्हणजे कार्डाच्या मदतीने व्हिडिओ भराभर काढण्याचा, पर्याय पुसटच राहिला, टाइमलाइन थोडी मोठी झाली की पडद्यावर हिरव्या रेघा उमटू लागल्या, आणि विंडोजने स्वतःहून नवा ड्रायव्हर घेताच पडदा काळा झाला. गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाने जीपीयू-झेड नावाचे फुकट सॉफ्टवेअर चालवले, तेव्हा कार्डाच्या नावाआधी कंसात ‘फेक’ असा शब्द आला. आत निघाली २०१० सालच्या जीटीएस ४५० ची चिप. १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) असतात, हिच्यात १९२. मेमरी प्रत्यक्षात १ जीबी. उरलेले ३ जीबी केवळ कार्डाच्या बायोसमध्ये लिहिलेले. म्हाताऱ्या बैलाची शिंगे रंगवून बाजारात उभा करावा तसा प्रकार. ते सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्या आणि पैसे देण्यापूर्वी चालवून पाहा. दुकानदार नाही म्हणाला तर उत्तर मिळाले असे समजा.

परत गेले तेव्हा दुकानदाराने कागद पुढे केला. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल असे म्हणून त्याने कच्ची पावती दिली होती. तिच्यावर ‘कॉम्प्युटर पार्ट्स’ एवढेच लिहिलेले आणि खाली ‘टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस’ असा शिक्का. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले तो दुकानाच्या नावाचा नव्हताच, कोणा तिसऱ्याच व्यक्तीच्या नावाचा होता. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारे नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका.

यापुढचा भाग लिहिताना मूळ फसवणुकीपेक्षा अधिक संताप येतो. आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात सांगितले, की माल शहरात घेतला, तेव्हा तक्रारही तिकडेच करा. तिकडच्या ठाण्यात अंमलदारांनी कार्ड उलटेसुलटे करून विचारले, “चालू आहे ना हे? मग फसवणूक कसली?” चालू आहे, पण सांगितलेले कार्ड हे नव्हे, हे त्यांना समजावताना माझा घसा सुकला. शेवटी ‘हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’ असा शेरा मारून त्यांनी अर्ज परत दिला. आवक शिक्का मागितला तर साहेब बंदोबस्ताला गेल्याचे कळले. बँकेचे म्हणणे, की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार अधिकृत आहे. सायबर गुन्ह्यांच्या कक्षात गेले तर समोरासमोर खरेदी केली म्हणून तो सायबर गुन्हा नाही असे उत्तर मिळाले. एका मदत क्रमांकावर नोंदवलेली तक्रार ‘बिलाची प्रत जोडलेली नाही’ या कारणाने बंद झाली. ज्याने फसवण्यासाठीच बिल दिले नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला त्याचेच बिल मागणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणावे? चोराकडून चोरीची पावती आणायची का? आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच वाक्य: “मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास घेता?” ती रक्कम माझ्या तीन लग्नांच्या मिक्सिंगची आहे. शिवाय अडकलेले एक काम मला ७,५०० रुपये देऊन बाहेरून करून घ्यावे लागले, ते वेगळेच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, हे मला यांपैकी एकाही कार्यालयाने सांगितले नाही. ते एका परिचित वकिलांकडून कळले. त्यांनी नोटिशीचे १,५०० रुपये घेतले. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कच्ची पावती, व्हॉट्सअॅपवर दुकानदाराने पाठवलेला भावांचा तपशील आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट एवढ्यावर तक्रार दाखल झाली आहे. भाव तोंडी कधीही ठरवू नका. मॉडेल क्रमांकासह व्हॉट्सअॅपवर मागून घ्या.

नोटीस पोहोचल्यावर दुकानातून फोन आला, की कार्ड परत आणा, २,००० रुपये देतो आणि विषय संपवू. कार्ड मी आणणार नाही. ते पाकिटात घालून, वर तारीख लिहून वकिलांच्या कपाटात ठेवले आहे, आणि माझ्या जुन्या बोर्डाचे काय केले ते लेखी कळवा असे त्याला उत्तर पाठवले आहे.